हाकेला ओ

रोह्याहून निघून धाटावच्या कंपन्या मागे टाकल्या आणि नदीच्या काठाकाठानं गेलं की डोहवाडी लागते. कातकऱ्यांची मूठभर घरं, एक बोअरिंग आणि दोन खोल्यांची शाळा. ही शाळा दिसायच्या आधी ऐकू येते, असं शिफ्टच्या बसमधले लोक म्हणायचे. ऐकू यायच्या त्या चंद्रावती घरत, म्हणजे वाडीच्या चंद्राबाई. उंची बेताची, अंगानं भरलेल्या, आणि आवाज म्हणाल तर विचारू नका. "आमची ही वर्गात 'बसा' म्हणाली तर शेजारच्या शेतातला बैलसुद्धा बसतो," असं त्यांचे यजमान महिपती सांगायचे. ते धाटावला कंपनीत होते. दिवसभर यंत्रांचा आवाज ऐकून घरी आलं की बायकोचा आवाज गोड लागतो, हेही तेच सांगायचे.

बाईंच्या वर्गात बाकं भिंतीला टेकवलेली असत आणि मधली जमीन मोकळी. सकाळी हजेरी झाली की आधी 'आरसा'. दोन पोरं समोरासमोर उभी करायची, एकानं हात हलवायचा, दुसऱ्यानं तस्साच हलवायचा. डोळ्यांना डोळे भिडवल्याशिवाय हे जमत नाही. मग 'बाजार'. अर्ध्या वर्गानं रानातली करंदं आणि खेकडे विकायचे, अर्ध्यांनी घासाघीस करायची. पाढे, बेरजा, मोठ्या माणसाशी नीट बोलणं, सगळं त्या बाजारातच उरकायचं. तपासणीला आलेले साहेब कपाळाला आठ्या घालून विचारायचे, "बाई, हा वर्ग आहे का तमाशा?" बाई म्हणायच्या, "साहेब, पहिल्या दिवशी हीच पोरं दाराआड लपून बसली होती. आज तुम्हाला खेकडा विकतायत. घ्या की एक."

सगळ्यात लाडका खेळ होता 'हाक'. एका पोरानं शाळेच्या ओट्यावर उभं राहायचं, दुसऱ्यानं लांब चिंचेखाली. ओट्यावरच्यानं काहीतरी सांगायचं, पण ओरडून घसा फाडायचा नाही, पोटातून सूर काढून आवाज लांब सोडायचा. चिंचेखालच्याला ऐकू गेलं की त्यानं ओरडायचं, "पोचली!" आणि नियम एकच. 'पोचली' ऐकू येईपर्यंत हाक देत राहायचं. उत्तर आलं नाही म्हणून तोंड फिरवून निघून जायचं नाही.

हा खेळ कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेला नव्हता. तो बाईंच्या आईचा होता. पेणच्या खाडीकडच्या गावात बाईंचा जन्म झाला, आईबाप दोघंही मिठागरावर राबणारे. उघड्या आगरावर दुपारी वारा सुटला की हातभर अंतरावरचं बोलणं उडून जायचं. बायका एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाका द्यायच्या. पाणी सोडा, पोर रडतंय, भाकरी आणा, सगळं हाकेवर. पलीकडून ओ आली की कामाला लागायचं. लहानग्या चंद्राला आई सांगायची, "आवाज पोटान नको ठेवू गो, वाऱ्याव सोर! आनं समोरचा वारा असंल तं हाकच देव नको, पोचाची नाय. आडोशाला जा आनं मंग दे."

एवढ्या मोकळ्या गळ्याची पोर पेणच्या शाळेत पाचवीला आली आणि मुकी झाली. तिनं पहिल्याच दिवशी आगरी बोलीत काहीतरी सांगितलं, वर्ग खो खो हसला, आणि गुरुजींनी तिचंच वाक्य तिच्याच सुरात म्हणून दाखवलं. पोरांचं हसणं एक वेळ विसरता येतं, गुरुजींचं नाही. पुढे दहावीपर्यंत चंद्राच्या तोंडाला कुलूप. ते उघडलं डी.एड.ला, नाटकाचे खेळ घेणाऱ्या एका मॅडमनी. त्या दिवशी चंद्रावतीनं ठरवलं, आपल्या वर्गात एकही पोर मुकं बसणार नाही. नोकरीभर तिनं ते पाळलं. पाळलं म्हणजे कसं, तर हट्टानं. माणसाचा एखादा चांगला गुण असतो ना, त्याच्याच पायात पाय अडकून माणूस पडतं.

निवृत्तीच्या वर्षी चौथीत करिश्मा होती. काळी, लुकडी, मोठ्या डोळ्यांची. तिसरीपर्यंत ती 'बाजारा'तली सगळ्यात कजाग म्हातारी व्हायची, पदर खोचून अशी काही भांडायची की बाईंच्या डोळ्यांना हसून हसून पाणी यायचं. मग त्या आषाढात तिची आई मंगळी काविळीनं गेली. मागे नवरा बुधा, सासू धोंडुबाई, करिश्मा, आणि नुकतं चालायला लागलेलं बारकं पोर, भरत. मंगळीला माती दिली त्या दिवसापासून करिश्मानं तोंड उघडलं नाही. शाळेत यायची ती भरतला कडेवर घेऊन. कोपऱ्यात बसायची. भरत कुरकुरला की त्याच्या पाठीवर बोटांनी ताल धरायची. जेवायची, लिहायची, विचारलं तर मान हलवायची. शब्द नाही.

दिवाळी झाली की अर्धी वाडी वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडाशी परत येते. मंगळी होती तेव्हा करिश्मा म्हातारीजवळ राहून शाळा करायची. यंदा बुधा म्हणाला, "पोरीला नेतो. बारक्याला कोन बघंल? मी भट्टीवर चिखल तुडवू का पोर सांभाळू?"

बाई त्याच्या अंगणात जाऊन बसल्या. म्हणाल्या, "बुधा, एकदा भट्टीवर गेलेली पोर परत शाळेत बसत नाही, हे तुला ठाऊक आहे. बारक्याला म्हातारीजवळ ठेव, मी अंगणवाडीत सांगते. करिश्माला शिकू दे."

बुधा वाईट माणूस नव्हता. तो बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघा ओढत बसला. मग म्हणाला, "बाई, ती बोलंना झालीय. तिच्या मनात काय हाय मला कलत नाय. तिनं माझ्या तोंडासमोर सांगावं, का बाबा मला ऱ्हायचंय. सांगितलं तं ठेवतो. माझा शब्द."

एवढं ऐकून बाई हरखल्या. एक वाक्य! मुक्या पोरांना बोलतं करण्यात जन्म घालवलेल्या बाईला एका वाक्याचं काय ओझं? दिवाळीला अजून अवकाश होता. दुसऱ्या दिवसापासून त्या कंबर कसून कामाला लागल्या. करिश्माला आरशासमोर उभं केलं, ती हात हलवी, ओठ नाही. बाजारात बसवलं, ती टोपली धरून बसून राही. हाकेसाठी ओट्यावर चढवलं. ती चिंचेकडे बघत उभी राहिली, छाती वरखाली झाली, आणि खाली उतरली. घरी येऊन बाईंना जेवण जाईना. महिपती म्हणाले, "अगं, आई गेलीय तिची. जरा दम धर." पण दम धरायला वेळ कुठे होता?

मग बाईंनी 'घरचं माणूस' काढलं. घरातलं कुणीतरी व्हायचं आणि त्याच्यासारखं चालायचं, बोलायचं. पोरांना हा खेळ भारी आवडायचा. कृष्णा नावाच्या पोरानं दारू प्यालेला काका केला, वर्ग लोळला. आणि त्या हसण्यात करिश्मा उठली.

तिनं भरतला खाली ठेवलं. ओढणी डोक्यावरून घेतली, टोक दातात धरलं. डावा पाय किंचित ओढत मधल्या जागेत आली, कारण मंगळी तशी चालायची. उकिडवी बसली आणि भरतकडे बघून म्हणाली, "आला का माझा बारका? जेवला का नाय? कुनी भरवलं तुला?"

आवाज करिश्माचा नव्हता. जाडसर, दमलेला, थेट मंगळीचा. बाईंच्या अंगावर काटा आला, पण तो आनंदाचा. पोर बोलली! इकडे वर्ग मात्र चिडीचूप झाला होता. पोरं हसत नव्हती, हलत नव्हती. ती हळूहळू गोल करून तिच्याभोवती बसली. कृष्णानं हात जोडले आणि खालच्या आवाजात विचारलं, "मंगळी काकू, तुला काय पायजे? तहान लागली का?"

"लागली," करिश्मा म्हणाली. "लई लांबून आले."

आणि चंद्राबाईंनी टाळ्या वाजवल्या. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी गत. डोळे भरून आलेले, "शाब्बास गो माझी बाय! शाब्बास! टाळ्या वाजवा रे सगळे!" असं म्हणत त्या पुढे धावल्या आणि पोरीला उचलून छातीशी धरलं.

एकाही पोरानं टाळी वाजवली नाही. बाईंच्या मिठीत करिश्मा थरथरायला लागली. तिचे दात वाजत होते. बाईंनी तोंडावर पाणी मारलं, नावानं हाका मारल्या. थोड्या वेळानं ती शांत झाली, भरतला उचलून तिनं कडेवर घेतलं आणि घरी निघून गेली. तिच्या मागोमाग एकेक करत सगळा वर्ग गेला. मधल्या मोकळ्या जमिनीवर बाई एकट्या उरल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत कुणीच आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मग धोंडुबाई आली. दारातच बसली, आत यायला तयार होईना. ती रागावली नव्हती, पण कडक झाली होती.

"बाई, तू शिकलेली हायस, पन तुला आमचं ठावं नाय. आमच्यात मेलेल्या मानसाचा दिस घालतात. थाली वाजवतात, गानं म्हनतात, मंग ते मानूस कुनाच्या तरी अंगात येतं. त्याला इचारायचं, काय पायजे, कुनाला काय सांगायचं हाय. त्यानं सांगायचं. मंग त्याला पानी पाजायचं आनं बोलायचं, जा आता सुखानं. तवा ते जातं. मंगळीचा दिस आमी शिमग्याला सगली भट्टीवरनं घरी आल्याव घालनार व्हतो. ती तुझ्या शालंत आली. तहान लागली बोलली. आनं तू काय केलंस? टाल्या पिटल्यास. तहानलेलं मानूस तसंच धाडलंस गो बाई."

तो खेळ होता, पोर सोंग करत होती, हे वाक्य चंद्राबाईंच्या जिभेवर आलं आणि त्यांनी ते गिळलं. त्यांना गुरुजी आठवले. दुसऱ्याच्या बोलण्याला आपण भलतंच काही समजलो की काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पोरीनं जे आणलं होतं त्याला त्यांनी नाटक म्हणून टाळ्या दिल्या होत्या. पेणच्या माणसानं म्हणू नये, पण करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"दिस आत्ताच घालू. पानी तू पाज. तू तोडलंस, तूच जोड."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, दुपार कलताना, बुधाच्या अंगणात सगळी वाडी जमली. शिवा भगतानं काशाची थाळी मांडली. थाळीच्या मधोमध मेणानं उभी केलेली काडी. शिवा त्या काडीवरून बोटं ओढायचा आणि थाळी घुमायची. तो घुमणारा सूर धरून तो मंगळीचं गाणं म्हणत होता. ती कुठे जन्मली, कुठल्या डोहात मासे धरायची, कशी हसायची. बाई पाण्याचा तांब्या घेऊन बसल्या होत्या. आयुष्यात कधी नाही एवढं त्यांना भ्यायला झालं होतं.

कुणाच्या अंगात येईल ते सांगता येत नाही, असं धोंडुबाईनं बजावलं होतं. पण ती करिश्माच्याच आली. पोर उठली, ओढणी दातात धरली, पाय ओढत पुढे आली. बुधानं मान खाली घातली आणि हमसून रडायला लागला. "मंगळे, मी तुला लवकर दवाखान्यात नेली नाय गो," म्हणाला. ती म्हणाली, "नाय रे, तुझा काय दोस नाय." धोंडुबाईशी बोलली. शेजारणीला म्हणाली, माझी विळी तुझ्याकडं हाय ती करिश्माला दे. मग सगळे बाईंकडे बघायला लागले. आता बाईंनी विचारायचं, काय पायजे? ती पाणी मागणार. पाणी पाजायचं, निरोप द्यायचा. एवढंच त्यांचं काम होतं.

एवढंच केलं असतं तर? हा प्रश्न पुढे बाईंनी स्वतःला किती वेळा विचारला असेल त्याला गणती नाही. पण त्या क्षणी त्यांच्या मनात दुसरंच आलं. मंगळीला पोर शिकावी असं फार वाटायचं. शाळेच्या कार्यक्रमाला ती भट्टीवरून एकदा येऊन गेली होती, मिळेल त्या गाडीनं, कपड्यांवर विटांची धूळ तशीच. आज ती एक शब्द बोलली तर बुधाच काय, अख्खी वाडी मोडणार नाही. आणि समजा हे सोंग असलं, समोर करिश्माच असली, तरी तिला मनातलं सांगायला याहून चांगली जागा कुठली? दोन्हीकडून आपलंच साधेल, असं बाईंना वाटलं. म्हणून त्यांनी विचारलं.

"मंगळे, करिश्माला शाळेत ठेवू ना? सांग तू."

थाळी घुमत होती. पोरीनं बाईंकडे बघितलं. मग तिची नजर धोंडुबाईच्या मांडीवर पेंगुळलेल्या भरतवर गेली.

"माझा बारका रातचा उठतो," ती म्हणाली. "अंधारात रडतो. बापाला नीज लागते, त्याला ऐकू येत नाय. म्हातारीला दिसत नाय. करिश्मालाच तेवडं कलतं त्याला काय पायजे. बारक्याला बापासंगं धाडा, मानूस बापाजवल वाडतं. आनं तिला त्याच्यासंगं जाऊ दे."

अंगणात माना हलल्या. आईचंच बोलणं ते. "पाज," धोंडुबाई कुजबुजली. बाईंनी तांब्या पोरीच्या ओठांना लावला. ती घटाघटा प्याली, सगळा तांब्या रिकामा केला. "जा आता सुखानं," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून ते शब्द कसे निघाले त्यांनाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी करिश्मा शाळेत आली आणि बोलायला लागली. जणू कधी थांबलीच नव्हती. बाजारात म्हातारी झाली, कृष्णाला चार शिव्या घातल्या, ओट्यावर चढून अशी हाक सोडली की चिंचेपलीकडच्या शेतातल्या माणसानं "पोचली!" म्हणून ओ दिली. ज्यासाठी बाईंनी जिवाचं रान केलं ते सगळं झालं होतं. त्यांना ते बघवत नव्हतं.

मधल्या सुट्टीत त्यांनी तिला जवळ घेतलं. "करिश्मा, तुला राहायचं होतं ना गो?"

"व्हय."

"मग तसं बोलली का नाहीस?"

पोरीनं मोठे डोळे करून त्यांच्याकडे बघितलं. बाईंना एवढंही कळू नये याचं तिला नवल वाटलं. "मी कुठं बोलले, बाई? आई बोलली."

बाई बुधाकडे गेल्या. पोर आता बोलते, तुझ्या तोंडासमोर सांगेल, तुझा शब्द आठव, म्हणाल्या. बुधानं त्यांना पाट दिला, पाणी दिलं. "बाई, माझा शब्द खरा व्हता. पोरगी बोलली असती तं ठेवलीच असती. पन तिच्या आयशीनं सांगितल्यावर मी कसा मोडू? आयशीला कोन इचारत नव्हतं. तूच इचारलंस ना?" त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती. असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. ती आई होती की पोर होती, की आईच्या आवाजात पोरीनं आपलाच जीव भावावरून ओवाळून टाकला होता, हे चंद्राबाईंना कधीच कळलं नाही. ते कुणाला विचारण्यासारखंही नव्हतं.

दिवाळीनंतर टेम्पो आला. भांडी, गोधड्या, पत्रे, खुराड्यातल्या कोंबड्या आणि वर माणसं. शाळा भरली होती, पण जी पोरं जायची होती त्यांची जागा रिकामी होती. बाई उरलेल्या पोरांना घेऊन ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. करिश्मा टेम्पोत मागे, भरतला मांडीत घेऊन बसली होती. आईची विळी फडक्यात गुंडाळून तिनं शेजारी ठेवली होती. टेम्पो सुरू झाला, शाळेसमोरून गेला, चिंच ओलांडून पुढे गेला. तिथे ती उभी राहिली. एका हातानं फळी धरली, छातीत वारा भरून घेतला आणि हाक सोडली.

"बाईऽऽ! माझी जागा ठेवाऽऽ!"

घसा न फाडता, पोटातून, अगदी शिकवली होती तशी. हाक स्पष्ट आली. बाईंनी तोंड उघडलं आणि घशातून काही निघेना. पेणच्या वर्गात उभी असलेली पाचवीतली पोर जशी झाली होती, तशा त्या झाल्या. तिकडे टेम्पो लांब चालला होता. ओ आली नाही म्हणून करिश्मानं पुन्हा हाक दिली. पुन्हा दिली. तोंड फिरवायचं नाही, हा नियम तिला पाठ होता. आवाज बारीक होत गेला, पण तिनं हाक सोडली नाही. बाईंना प्रत्येक हाक ऐकू येत होती.

शेवटी टेम्पो नदीच्या वळणावर गेला तेव्हा त्यांचा गळा फुटला. "पोचलीऽऽ!" त्या ओरडल्या. "पोचली गो बायऽऽ!" शेजारची पोरं दचकली. एवढा मोठा आवाज त्यांनी बाईंचासुद्धा कधी ऐकला नव्हता.

पण वारा समोरून होता, नदीकडून शाळेकडे. म्हणून तर तिची हाक एवढ्या लांबून येत होती. आणि समोरच्या वाऱ्यावर सोडलेली हाक पोचत नाही, हे मिठागरावर वाढलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं. वळणापलीकडून करिश्माची हाक आणखी एकदा आली.